भिंतीला पाठ लावून

अनिरुद्धने डोळे वटारले, "हे जेवण आहे?" असं गरजला आणि ताट समोरच्या भिंतीवर भिरकावलं. कुरमुरे खोलीभर उडाले. ताट खाली आदळलं, फरशीवर तीन गिरक्या घेऊन सोफ्याच्या पायाशी थांबलं. सकाळपासूनचं हे बारावं.

"कट," यज्ञेश म्हणाला. त्याने मानसुद्धा वर केली नाही.

"अजून एक देऊ सर? थोडं जास्त वायलंट?"

"नको. कळवतो."

'कळवतो' म्हणजे 'नाही' हे अनिरुद्धला कळायला काय वेळ? सात वर्षं तो अंधेरीत ऑडिशनच्या रांगा लावत होता. त्याने बॅग खांद्याला लावली, बूट घालता घालता दाराशी थांबला.

"एक बोलू? तीन मालिकांमध्ये खलनायक केलाय मी. बोरीवलीला येऊन कुणाच्या तरी आईच्या हॉलमध्ये कुरमुरे फेकायची वेळ आली नव्हती."

"मग आलास कशाला?" स्वरदाने ट्रायपॉडमागून विचारलं.

दार धाडकन लागलं. स्वरदा यज्ञेशची असिस्टंट. या सिनेमात असिस्टंट म्हणजे कॅमेरा तीच, नावं लिहून घेणारी तीच आणि समोरच्या पात्राची वाक्यं वाचून दाखवणारीही तीच. मालाडहून सकाळी आठला आली होती आणि तिला अजून कोणी चहा विचारला नव्हता.

आतून शुभाताई आल्या. हातात केरसुणी. ती त्यांनी स्वरदाला नाही, यज्ञेशला दिली; दिली म्हणजे त्याच्या पायाशी टाकली.

"तुझे कुरमुरे तू काढ. मुंग्या झाल्या की मलाच निस्तरायचं असतं."

"आई, महिनाअखेर बिल्डिंग पाडतायत. मुंग्या कुठे राहणार आहेत?"

"महिनाअखेरपर्यंत मी राहणार आहे."

बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. सोळांपैकी चार बिऱ्हाडं उरली होती. शुभाताईंच्या स्वयंपाकघरात खोके रचलेले, त्यांवर मार्करने 'पातेली', 'देव', 'चिनीमाती' असं लिहिलेलं. यज्ञेशला शूटिंग इथेच करायचं होतं, या हॉलमध्ये आणि ही भिंत पडायच्या आत. शुक्रवारी सुरुवात. आज रविवार, दुपारचा एक, आणि सिनेमात ज्याच्यावर सगळं उभं होतं तो बापच अजून मिळाला नव्हता. बाप मिळाला नाही तर भिंत जाईल, आणि भिंत गेली की सिनेमाही गेला. कॉलेजपासून तो हाच एक सिनेमा मनात लिहीत होता. दुसरा त्याला सुचतच नव्हता.

गोष्ट त्याच्याच घरातली. यज्ञेश सहा वर्षांचा असताना त्याच्या बापाने, अनंतने, भरलं ताट या भिंतीवर फेकलं, चपला घातल्या आणि घर सोडलं. आमटीचा डाग भिंतीवर राहिला. तीनदा रंग काढला, तरी तो दर पावसाळ्यात वर यायचा. म्हणून तिथे कॅलेंडर लावायची पद्धत पडली. वर्ष बदललं की कॅलेंडर बदलायचं, डाग तोच. दोन महिन्यांपूर्वी यज्ञेशने हे सगळं फेसबुकवर लिहिलं आणि 'मी डोळ्यांनी पाहिलंय' असं शेवटी टाकलं. खाली लोकांनी त्या बापाला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या वाचून याला जरा बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला.

"तो सीन काढून टाक," शुभाताई म्हणाल्या. आठवड्यातली ही दहावी वेळ असेल.

"तो काढला तर सिनेमात राहतं काय?"

"मग नको करूस सिनेमा. निमंत्रण दिलंय कोणी?"

"तुला काय त्रास आहे? तुझीच बाजू मांडतोय ना मी? तुझ्या कामाला शर्मिष्ठासारखी बाई घेतलीय. नुसतं डोळ्यात पाणी आणलं तरी माणूस हलतो."

"माझी बाजू मांडायला मी वकील नव्हता लावला."

त्या खाली वाकल्या, ताट उचललं, काठावरून अंगठा फिरवला. जाड स्टीलचं, लग्नातलं, मागे 'चि. अनंत व चि. सौ. कां. शुभा यांस, मामांकडून' असं कोरलेलं. कडेला एक जुना पोचा होता, त्यात आज सकाळपासून चार नव्यांची भर पडली होती. त्यांनी हे ताट मुद्दाम 'पातेली'च्या खोक्यात तळाला घातलं होतं. यज्ञेशने काल खोकं फोडून काढलं, कारण खरं ते खरं.

"आणि तुझे नट," त्या ताट सोफ्यावर टाकून आत जाता जाता म्हणाल्या, "काय ते ओरडणं. तो असा ओरडला असता तर बरं झालं असतं."

"म्हणजे?"

आतून खोक्याला चिकटपट्टी लावल्याचा कर्रर्र आवाज आला.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे श्यामसुंदरकाका. बनियनवर शर्ट चढवलेला, बटणं खालीवर लागलेली.

"काय लावलंय रे यज्ञेश? माझ्या डोक्यावर सकाळपासून भांडी पडतायत! हिचं बीपी आहे, माहितीये ना?"

"ऑडिशन आहे काका. अजून एकच."

"कसली ऑडिशन? तुझा बाप ताट फेकून गेला तेव्हासुद्धा एवढा तमाशा नव्हता झाला. एकदाच काय तो आवाज आला. ना आरडाओरडा, ना काही. आम्हाला वाटलं मांडणी पडली. सभ्य माणसं होती तेव्हा."

"सभ्य?" यज्ञेशचा आवाज चढला. "बायको-पोराला टाकून गेलेला माणूस सभ्य?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी आवाजाबद्दल बोलतोय. सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो मी."

"चार जण राहिलेत ग्रुपवर. टाका."

काका पाय आपटत उतरले. उचलली जीभ लावली टाळ्याला, यज्ञेश पुटपुटला. आवाज झाला नव्हता म्हणे. काकांना काय आठवणार?

पण खरं सांगायचं तर काकांचं ते एक वाक्य त्याला कुठेतरी टोचलं होतं, आणि टोचलं म्हणूनच त्याचं डोकं जास्त फिरलं होतं.

शेवटचा उमेदवार लवू. घाटकोपरच्या भटवाडीतून आला होता. वय पंचेचाळीस, बस डेपोत फिटर, आणि वर्षातून एकदा कामगार नाट्यस्पर्धेत काम. त्याला कोणी सुचवलं तेही यज्ञेशला आठवत नव्हतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल. आल्या आल्या त्याने उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि चपला बाहेर जोडीने ठेवल्या. सकाळपासून आलेल्यांतला हा पहिलाच.

"नाव, उंची, मग डावीकडे वळा, उजवीकडे वळा, शेवटी हात दाखवा," स्वरदाने एका दमात सांगितलं.

लवूने सगळं केलं. हात दाखवताना मात्र तो जरा अवघडला. नखं जाड, कडांना काळी रेघ.

"ऑइल आसा. जात नाय कितीपण घासला तरी."

"चालेल," यज्ञेश म्हणाला. "सीन वाचलात?"

"वाचलंय. एक विचारू सर? ह्यो माणूस मुळातच रागीट, का आजच राग इलो?"

बारा जणांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. त्यामुळे यज्ञेशला बरं वाटायला हवं होतं, पण तो चिडला.

"मुळातच."

"म्हणजे घरात ओरडायचे?"

"ओरडायचे म्हणजे..." यज्ञेश थांबला. "असेलच ना. ताट फेकणारा माणूस काय, ओव्या म्हणतो?"

"तसा नाय. तुमका काय आठवता, त्या सांगा. माका आवाज धरूक बरा पडात."

यज्ञेशने आठवून बघितलं. ओरडणारा बाप काही सापडेना. जे सापडलं त्याचं त्याला हसू आलं, दिवसभरातलं पहिलंच.

"मला आठवतं ते वेगळंच. आमच्याकडे मी पोस्टमन होतो. बाबा म्हणायचे, 'यज्ञू, आईला सांग, आमटी वाढ.' आई समोरच उभी असायची हं, दोन हातांवर. मग ती म्हणायची, 'बाबांना सांग, संपली.' मी इकडून तिकडे सांगायचो. कधीकधी पंधरा-पंधरा दिवस चालायचं. मला मजा वाटायची. दोघंही माझ्याकडेच बघून बोलायची ना!"

"म्हणजे अबोला," स्वरदा म्हणाली.

"हां, तसंच काहीतरी. पण ते घेतलं नाहीये सिनेमात. अबोला कॅमेऱ्यात दिसत नाही."

आतला चिकटपट्टीचा आवाज बंद झाला होता.

"बसा," यज्ञेश म्हणाला. "ताटात कुरमुरे आहेत, वाटी रिकामी आहे. स्वरदा आईचं वाक्य देईल. तुम्ही दोन घास खाऊन 'हे जेवण आहे?' म्हणायचं आणि भिंतीवर फेकायचं. जोरात."

लवू पाटावर बसला. पाट भिंतीकडे तोंड करून मांडला होता. तो बसला आणि लगेच उठला.

"काय झालं आता?"

"सर, भिंतीकडे तोंड करून कोण जेवता ओ? आमच्यात रुसलेला पोर बसता तसा."

"कॅमेऱ्यासाठी आहे ते. ताट भिंतीवर गेलेलं दिसायला हवं."

"बरोबर. पण वडील खंय बसायचे तुमचे?"

"तिथे. कॅलेंडरखाली, भिंतीला पाठ लावून. समोर टीव्ही आणि किचनचं दार."

"मग एकदा तसाच करून बघतंय. मग तुमी सांगशात तसा."

"वेळ नाहीये आपल्याकडे."

"करू दे ना एकदा," स्वरदा म्हणाली. "बारा जणांनी तुझ्या पद्धतीने केलं. काय दिवे लावले?"

यज्ञेशने हात झटकला. करा, मरा. लवूने पाट उचलला, कॅलेंडरखाली मांडला, पाठ टेकून बसला. कॅलेंडरची खालची पट्टी त्याच्या तेलकट केसांना लागत होती. स्वरदाने ट्रायपॉड समोर, स्वयंपाकघराच्या दाराशी नेला. दारात शुभाताई उभ्या होत्या.

"काकू, जरा बाजूला होता?"

त्या झाल्या नाहीत. स्वरदाने कॅमेरा त्यांच्या शेजारून लावला.

"अ‍ॅक्शन."

लवूने ताटाला बोटं लावून नमस्कार केला. कुरमुरे भातासारखे कालवले. एक घास, दुसरा. चावताना त्याची नजर ताटाच्या पलीकडे गेली नाही. खोलीत त्याच्याशिवाय कोणीच नाही, असा तो जेवत होता.

"मीठ कमी झालंय का?" स्वरदाने आईचं वाक्य वाचलं.

इथे ओरडायचं होतं. लवू ओरडला नाही. त्याने रिकाम्या वाटीकडे पाहिलं. मान तशीच खाली ठेवून, तर्जनीच्या जाड नखाने वाटीच्या काठावर वाजवलं. टक टक. थांबला. कुणी वाढलं नाही. पुन्हा, जरा सावकाश, टक टक.

"बंद करा ते."

आवाज शुभाताईंचा होता, पण यज्ञेशने तो कधी ऐकला नव्हता. लवूचं बोट वाटीवर तसंच राहिलं.

"आई, टेक चालू आहे!"

"मला हा नको. तो मघाचा घे, ओरडणारा. कुणालाही घे. हा माणूस या घरात नको."

आता बघा, शहाण्या माणसाने इथे थांबून विचारलं असतं, का म्हणून. यज्ञेश उठून टाळीच वाजवायचा राहिला.

"हाच! स्वरदा, बघितलंस? तीस वर्षांनी घाबरली ती! अरे, हाच आहे बाप! लवूदादा, थांबू नका. आता उचला ताट आणि फेका."

"यज्ञू," शुभाताई म्हणाल्या.

"मध्ये बोलू नकोस. फेका, लवूदादा!"

लवूने ताट उचललं. समोर पाहिलं. समोर टीव्हीचं रिकामं स्टँड, स्वयंपाकघराचं दार, दारात कॅमेरा आणि शुभाताई. मग त्याने मान वळवून मागे पाहिलं.

"खंय फेकू?"

"भिंतीवर!"

"भित पाठीमागे आसा."

"म्हणजे... मागे. डाग मागेच आहे ना. कॅलेंडरच्या मागे."

लवू आज्ञाधारक माणूस. त्याने ताट दोन्ही हातांनी डोक्यावरून मागे नेऊन पाहिलं. कुरमुरे त्याच्याच मानेवर, कॉलरमध्ये सांडले. मग एका हाताने, खांद्यावरून. कोपर भिंतीला आपटलं. त्याने ताट पुन्हा खाली ठेवलं.

"नाय जमत सर. माणूस रागान असा फेकीत नाय. हय डाग पडाचो तर ताट तकडसून येवक व्हया."

तकडसून म्हणताना त्याचा हात आपसूक दाराकडे गेला. दारात कोण उभं आहे ते दिसताच त्याने तो चटकन खाली घेतला आणि मांडीखाली दाबला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

यज्ञेश चालत भिंतीपाशी गेला. लवूच्या डोक्यावरून वाकून त्याने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. डाग बसलेल्या माणसाच्या डोक्यापासून वीतभर वर होता. मध्ये जाड, खाली तीन ओघळ. जन्मभर पाहिलेला डाग. त्याच्यावर त्याने निबंध लिहिला होता, एकांकिका लिहिली होती, सिनेमा लिहिला होता. हा डाग कुठून आला, हे त्याने एकदाही उभं राहून पाहिलं नव्हतं.

"तू म्हणालीस, बाबांनी ताट फेकलं."

"तू झोपला होतास. आवाजाने उठलास, बाहेर आलास आणि रडायला लागलास. काय सांगणार होते मी?"

"खरं!"

"सहा वर्षांच्या पोराला?"

"सातव्या वर्षी सांगायचंस! दहाव्या! आई, मी लिहिलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून. हजार लोकांनी वाचलंय!"

"ते तू लिहिलंस. मी नाही सांगितलं डोळ्यांनी पाहिलंस म्हणून."

स्वरदाने कॅमेऱ्याकडे हात नेला. लाल दिवा चालूच होता. बंद करावा की नाही ते तिला कळेना. लवू पाटावरून उठायच्या बेतात होता, पण उठायला शुभाताई आणि यज्ञेश यांच्या मधून जावं लागलं असतं. तो बसून राहिला.

"सतरा दिवस झाले होते," शुभाताई म्हणाल्या. आवाज कोरडा. "कशावरून, तेसुद्धा आता आठवत नाही. माझ्या भावाच्या लग्नाला दोन दिवस जास्त राहिले त्यावरून असेल. सतरा दिवस एक शब्द नाही. एरवी तुझ्यामार्फत तरी बोलायचा. त्या दिवशी तुला ताप, तू झोपलेला. निरोप द्यायला कोणी नव्हतं. तर त्याने वाटी वाजवली. मी समोर उभी, हातात पळी. माणूस कुत्र्यालासुद्धा नावाने हाक मारतो रे."

"म्हणून ताट फेकून मारायचं?"

"मारलं नाही. त्याच्याच पुढ्यातलं आमटीभाताचं ताट उचलून फेकलं, डोक्यावरून गेलं. पण मारायचंच होतं, ते खरं. म्हटलं, बोल, नाहीतर जा. त्याने केसांतला भात झटकला, चपला घातल्या आणि गेला. जातानाही बोलला नाही."

यज्ञेश भिंतीपासून वळला.

"दहावीच्या निकालाला बाबा पेढे घेऊन आले होते. मी दार तोंडावर आपटलं. तू इथेच उभी होतीस. या दारात."

"होते."

"मूग गिळून."

"हो. मला वाटलं, आता तरी तो बोलेल. सांगेल तुला, की मी नाही, तिने फेकलं. तो पेढ्यांचा पुडा पायरीवर ठेवून उतरला."

यज्ञेशने खिशातून फोन काढला. मेसेज त्याला शोधावा लागला नाही. दोन महिन्यांपूर्वीचा, मानखुर्दला राहणाऱ्या बापाचा. त्याने उत्तर दिलं नव्हतं. 'पोस्ट वाचली. काम चांगलं होऊ दे. – अनंत.' तो त्याने मोठ्याने वाचला, अक्षर अन् अक्षर.

"मी याला निर्लज्ज म्हटलं. माफी नाही, काही नाही म्हणून. लोक त्यांच्या नावाने थुंकत होते, आणि त्यांना माहीत होतं खरं काय ते! तरी एक शब्द बोलले नाहीत. केवढा मोठा माणूस आहे तो, कळतंय तुला?"

शुभाताई हसल्या. ते हसू काही बरं नव्हतं.

"मोठा! अरे वेड्या, तो अजून तेच करतोय. बोलत नाहीये! तीस वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघितली. तो बोलला असता तर मी त्याच क्षणी हो म्हटलं असतं, तुझ्यासमोर, सगळ्यांसमोर. त्याने गप्प राहून मला खोटं पाडलं, आणि तू त्यालाच हार घाल."

"तू स्वतः सांगू शकत होतीस."

शुभाताईंनी पदराने कपाळ पुसलं, दाराच्या चौकटीला हात टेकला. पहिल्यांदाच त्या थकल्यासारख्या दिसल्या, आणि ते त्यांचं त्यांनाच आवडलं नसावं, कारण पुढच्या क्षणी त्या पुन्हा फणकारल्या.

"आणि माझ्या कामाला ती शर्मिष्ठा घेतलीयस ना, डोळ्यात पाणी आणणारी? तिला आधी ताट फेकायला लाव. बघ जमतं का. मनगटात लागतं ते."

"सर, मी निघतंय," लवू हळूच म्हणाला. "माका काय बोलूचा नव्हता. माझ्याकडसून चुकान गेला."

"बसा. तुम्ही फायनल आहात."

"कशासाठी फायनल?" स्वरदाने विचारलं. "सीन कुठला करणार आहोत आपण शुक्रवारी? मला तेवढं सांग. शर्मिष्ठाताईंना फोन करायचा की नाही?"

यज्ञेशने केरसुणी उचलली, खाली ठेवली. कॅलेंडर उचललं, तेही सोफ्यावर पालथं टाकलं. खालून श्यामसुंदरकाकांनी काठीने छताला दोनदा ठोकलं. आता तर कोणी काहीच पाडलं नव्हतं.

शुभाताई आत गेल्या आणि झाकण ठेवलेलं पातेलं घेऊन बाहेर आल्या. दुसऱ्या हातात पळी. सकाळपासून शिव्या घालत घालत त्यांनी सगळ्यांचा स्वयंपाक केला होता. झाकण काढलं तसा आमसुलाचा वास खोलीत पसरला.

"आमटी गरम आहे," त्या म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून, "यज्ञू, दोन घास खाऊन घे. मग भांड पाहिजे तेवढं. मी आहे इथेच."

यज्ञेश भिंतीपाशी गेला आणि लवूच्या शेजारी, डागाखाली, पाठ टेकून बसला. गुडघे जवळ घेतले. शुभाताई दोन हातांवर उभ्या होत्या, पळी हातात. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"स्वरदा," तो म्हणाला, "आईला सांग, लवूदादांना वाढ. मला नको."

स्वरदाने तोंड उघडलं, शुभाताईंकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. शुभाताई यज्ञेशकडे बघत होत्या. मग त्यांनी पातेलं सावकाश खाली ठेवलं. पळीही ठेवली. हात मोकळे झाले.

लवूने त्या मोकळ्या हातांकडे पाहिलं, आपल्या पुढ्यातलं ताट उचललं आणि मागे, पाठ आणि भिंत यांच्या मध्ये, उभं करून ठेवलं.